खोडलेल्या खुणा

ऑफिसच्या पेन्शनचे पैसे कुठल्या फंडात घालायचे, हे विचारणारा फॉर्म आठवडाभर माझ्या टेबलावर पडून होता. एकाही फंडाचं नाव ओळखीचं नव्हतं. आमच्याकडे अशा वेळी सगळे सावंतकाकांचा फॉर्म मागतात आणि तशाच खुणा करतात. मीही मागितला.

काका म्हणाले, "बघ, पण उतरवू नकोस. मी दोन वर्षांत रिटायर होणार, तुला अजून पंचवीस आहेत. आणि चुकलं तर पुढच्या वर्षी बदलता येतं."

फॉर्म खिडकीपाशी नेला, तर पेनाच्या ठाम खुणेशेजारी पेन्सिलीच्या तीन खुणा खोडलेल्या दिसल्या. म्हणजे न कळणारी मी एकटीच नव्हते! एकदम हलकं वाटलं. खोडरबर जवळ ठेवून मी पहिली खूण केली.