म्हस्कूतात्यांची तिसरी कढई

म्हस्कूतात्यांना किस्सा सांगताना थांबता येत नाही, हे कुंभार पिंपळगावात सगळ्यांत आधी जीपवाल्यांना कळलं. घनसावंगीला उतरायचं सोडून तात्या जीप जाईल तिथवर जात, आणि किस्सा उरलाच तर त्याच जीपनं परत येत.

अशा माणसानं काकवी करायला घ्यावी! उसाचा रस आटवत न्यायचा, वर येणारी मळी झाऱ्यानं काढत राहायची आणि नेमक्या घडीला कढई उतरवायची. चुकलात की गूळ. काकवी आणि गुळात अंतर ते केवढं, एका किश्श्याचं.

पण घेणं भाग होतं. तीर्थपुरीला दिलेली लेक अंजू सातव्या महिन्यात माहेरी आली होती आणि तिला एकच डोहाळा लागला होता : धिरडं आणि घरची काकवी. विहीणबाई उषाबाई फोनवर म्हणाल्या, "डोहाळजेवणाला येताना दुकानातली बाटली आणते. तुमी कशाला तरास घेता?"

"बाटली? माझ्या लेकीला?" तात्या कडाडले. "इहीनबाई, मोकळ्या हातानं या!"

पहिली कढई, काकवी कशी ओळखावी हे जमलेल्यांना समजावून सांगताना, गूळ झाली. दुसरी, पहिली का बिघडली हे सांगताना. ती तर अशी घट्ट बसली, की वच्छलाबाईंनी वरवंट्यानं फोडली. दोन दिवस त्याच गुळाचा चहा नवऱ्यापुढं ठेवत राहिल्या.

डोहाळजेवणाच्या दिवशी सकाळीच शेजारचा बिभीषण रसाची घागर घेऊन आला. "तात्या, ही शेवटली. माझा सगळा ऊस तुटला. आता पुढच्या सालापर्यंत न्हाई."

तात्यांनी मान डोलावली. बोलले नाहीत. वच्छलाबाईंनी चुलीत लाकूड सारता सारता दोनदा वळून पाहिलं.

रस उकळला. भेंडीचं चिकट पाणी टाकताच मळी वर आली, तात्यांनी ती काढली. तासाभरानं रंग गडद होऊ लागला. बिभीषण मनाचा चांगला, पण खोड्या केल्याशिवाय त्याला अन्न पचत नाही.

"अंजे, तुला म्हाईत हाय का? तात्याची शेळी एकदा लग्नाच्या मांडवात घुसली व्हती."

झारा थबकला. शेळी? अख्ख्या तालुक्यात गाजलेला तो मेंढा होता!

"दोन वऱ्हाडी पाडले तिनं."

सात. वर नवरदेवाची खुर्ची. तात्यांचे ओठ थरथरले. कढईतले बारीक बुडबुडे मोठे, आळशी होऊ लागले.

"आवं, गप बसा की बिभीषण भाऊजी!" वच्छलाबाई म्हणाल्या.

"गप कसं? खरं सांगून राह्यलो ना! मंग तात्या असे पळाले, की चप्पल मांडवातच राह्यली."

पळाले! तात्यांच्या मानेची शीर फुगली. अंजू पदरात तोंड खुपसून हसत होती. तात्यांनी झारा उचलला. थेंब निथळला, त्याला धरून दुसरा लोंबला, क्षणभर तार झाली. हीच ती घडी.

तात्यांनी कढईच्या एका कानाला फडकं लावलं, दुसऱ्या कानाकडं बायकोला नजरेनंच बोलावलं. कढई उतरली. जमिनीला टेकली आणि मगच तात्या फुटले : "मेंढा व्हता रे, मेंढा! अन् पळाला तुझा बाप!"

दुपारी अंजूनं पहिला घास घेतला. ताटात लालसर सोनेरी काकवी धिरड्याच्या जाळीतून वाहत वाहत काठापर्यंत गेली. अंजूनं डोळे मिटले. "आबा," ती बापाला म्हणाली, "बराबर तीच चव."

उषाबाईंनी पिशवीतली बाटली, जी त्यांनी आणलीच होती, हळूच पायानं मागं सरकवली आणि ताट पुढं केलं. दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. जाताना म्हणाल्या, "एक बरणी तरी द्या, आमच्या घरच्यांला दावते."

वच्छलाबाईंनी बरणी भरली. तेवढ्यात तात्यांनी मेंढ्याचा खरा किस्सा सुरू केला, सात वऱ्हाडी पाडले, नवरदेवाची खुर्ची हलली, आणि अचानक थांबले.

"मंग?" उषाबाई बरणी काखेत धरून उंबऱ्यातच बसल्या. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता.

"मंग काय," तात्या बोट चाटत म्हणाले, "बारशाला या, उरलेलं तवा सांगतो."

बिभीषणानं कपाळाला हात लावला. वच्छलाबाई मात्र, लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच, नवऱ्याचं बोलणं संपलं म्हणून हळहळल्या.