भोंग्याचा भरलेला स्टँड

भोंगा हे काही आईनं हौसेनं ठेवलेलं नाव नव्हे. ते त्यानं स्वतःच्या घशानं कमावलं होतं. सातवीत असताना मैदानाच्या एका टोकाला उभं राहून त्यानं रेफ्रीला 'आंधळा' म्हटलं आणि ते दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरला ऐकू गेलं. त्या दिवसापासून त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या दाखल्यावर उरलं. आता तो सव्वीस वर्षांचा होता. गावातल्या एकुलत्या एका लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलामागे रोज नऊ तास उभा राहायचा, आणि तिथे त्याच्या आवाजाला कवडीची किंमत नव्हती. शर्टाशी काय बोलणार? आधी कॉलर, मग खांदे, मग बाह्या, शेवटी पाठ. तोंड मिटून करायचं काम.

शुक्रवारी गावच्या क्लबच्या जर्सी यायच्या. त्या तो सगळ्यात शेवटी घ्यायचा, पाठीवरचे आकडे इस्त्रीला चिकटू नयेत म्हणून उलट्या करून, आणि लाँड्रीचे मालक काका म्हणायचे, ''अरे, नवरदेवाचा कोट आहे का तो? उरक की!''

क्लब म्हणाल तर असा, की जिंकला तर लोकांना शंका यायची. पण या क्लबवर चौघांनी जीव टाकला होता. भोंगा, लांब्या, जाड्या आणि चष्मिस. चौघं एका वर्गातली. दर पंधरा दिवसांनी रविवारी चार वाजता लाकडी स्टँडच्या पाचव्या पायरीवर बसून ओरडायचं, हरल्यावर रेफ्रीच्या नावानं खडे फोडायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा हजर. घरचे म्हणायचे, पोटापाण्याचं बघा. मग एकेकानं ते बघितलंच. जाड्या एका मोठ्या हॉटेलच्या भटारखान्यात कामाला गेला. लांब्या वायरमन झाला आणि परमुलुखात उंच इमारतींमध्ये तारा ओढायला लागला. चष्मिस नर्स झाली, आठ तासांच्या अंतरावरच्या शहरात लहान मुलांच्या वॉर्डात. गाव तसं वाईट नव्हतं, फक्त तिथं कुणाला काम नव्हतं.

भोंग्याला चष्मिस आवडायची. हे सगळ्या गावाला दिसत होतं, पण त्यानं तिला कधी सांगितलं नाही. एवढा मोठा आवाज, आणि तेवढं एक वाक्य काही घशातून वर आलं नाही. ती गेली त्या दिवशी तो बसथांब्यावर तिची बॅग धरून उभा होता आणि पूर्ण वेळ नव्या गोलकीपरबद्दल बोलत राहिला.

ती गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी त्यानं तिघांना एकदम फोन लावला आणि मॅच सांगायला सुरुवात केली. हा क्लब टीव्हीवर दिसायचं कारणच नव्हतं. जाड्या कांदे चिरत ऐकत होता, लांब्या चहाच्या सुट्टीत, चष्मिस खोलीवर पाय पसरून. पाच-दहा मिनिटं झाली आणि लांब्यानं विचारलं, ''गर्दी आहे का रे?''

भोंग्यानं मागं वळून पाहिलं. स्टँडमध्ये सतरा माणसं होती, त्यातली दोन झोपलेली. खरं सांगायला काय जात होतं? पण लांब्याच्या आवाजात असं काही होतं, की खरं काही त्याच्या तोंडून निघेना. तो म्हणाला, ''गर्दी? मुंगी शिरायला जागा नाही!''

उचलली जीभ लावली टाळ्याला. पण पलीकडून तिघं असे काही खूश झाले, की आता मागे फिरणं नाही. मग दर मॅचला तो फोनवर स्टँड भरत गेला. सलूनवाला सगळ्या गिऱ्हाइकांसकट आला, कुणी अर्ध्या दाढीनं. शाळेच्या हेडबाई रेफ्रीच्या अंगावर धावून गेल्या. खोटं बोलणाऱ्याला आठवण दांडगी लागते, म्हणून कुणाला कुठे बसवलं ते तो हातावर पेननं लिहून आणायचा. गर्दीचा आवाज यावा म्हणून दोन्ही पाय फळ्यांवर आपटायचा. सतरातले चार जण याच कारणानं उठून लांब जाऊन बसले. गोलाच्या बाबतीत मात्र तो कधी खोटं बोलला नाही. हरलो तर हरलो. त्यात फसवणं त्याला पाप वाटायचं.

एकदा मॅच संपल्यावर चष्मिस म्हणाली, ''तू सांगतोस ना, ते ऐकून वाटतं सगळं सोडून परत यावं.''

झालं. भोंगा आठवडाभर हवेत. त्याला वाटायला लागलं, आपण असाच स्टँड भरत राहिलो तर एक दिवस ती येईल, मग बाकीचे येतील. गावात काम नाही हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण माणूस वाट बघायला लागला की त्याला हिशेब सुचत नाही.

आणि मग एका मंगळवारी तिचा फोन आला. ''रविवारी येतेय. एकच दिवस. एवढ्या गर्दीत मला जागा मिळेल ना? धरून ठेव.''

भोंग्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाच दिवसांत रिकामा स्टँड भरायचा कसा? टेबलासमोर धुतलेल्या कपड्यांची रांग लटकत होती आणि त्याला वाटलं, अख्खं गाव तर इथंच आहे! कोट आहेत, साड्या आहेत, गणवेश आहेत, फक्त आतली माणसं न्यायची. त्यानं गल्ल्याशेजारचा पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेतला आणि दोन दिवस बसून लिहिलं : 'रविवारी चार वाजता मैदानावर या. आपल्या गावाचा क्लब आहे. सोबत माणूस आणा.' प्रत्येक कपड्याला एकेक चिठ्ठी टाचली. जवळजवळ दोनशे.

आता अक्कल गहाण टाकली म्हणतात ती अशी. त्या लाँड्रीत पिवळी चिठ्ठी एकाच गोष्टीसाठी होती. एखादा डाग काही केल्या निघाला नाही, की त्या जागी ती टाचून द्यायची, म्हणजे गिऱ्हाइकाला घरी गेल्यावर धक्का बसू नये. लाँड्री उघडल्यापासूनच्या अकरा वर्षांत गावाला ही भाषा पाठ झाली होती. त्यामुळे शुक्रवारी सकाळी लोकांनी कपडे घेतले, पिवळी चिठ्ठी पाहिली आणि ती वाचायच्या भानगडीत न पडता डाग शोधायला लागले. संध्याकाळपर्यंत लाँड्रीसमोर ही झुंबड! एक वकीलसाहेब काळा कोट उन्हात धरून उलटासुलटा करत होते. एका बाईंच्या लेकीचा साखरपुडा होता, त्यांना तर रडूच फुटलं. ''डाग कुठाय ते तरी सांगा!''

काकांनी एक चिठ्ठी सोडवून वाचली. मग चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि परत वाचली. ''हे तू केलंस?''

भोंग्यानं मान खाली घातली आणि सगळं सांगून टाकलं. स्टँड, फोन, हेडबाई, सगळं. काकांनी चिठ्ठीची घडी करून खिशात ठेवली. मग म्हणाले, ''गाढवा, तू गावाला लिहून दिलंस की क्लब म्हणजे न निघणारा डाग आहे.'' थोड्या वेळानं शटर ओढताना त्यांनी विचारलं, ''किती वाजता म्हणालास रविवारी?''

रविवारी काका आले, काकू आल्या. वकीलसाहेब आले, कोट घालून, कदाचित डाग मैदानावर सापडेल अशा आशेनं. भोंग्याची आई शेजारणीला ओढून घेऊन आली. भोंग्यानं पुन्हा पुन्हा मोजलं. एकतीस. स्टँड हजाराचा.

मॅच सुरू झाली. त्यानं लांब्याला आणि जाड्याला फोन लावला, पण सांगणं काही रंगेना. दहाव्या मिनिटाला गोल खाल्ला, तोही त्यानं कसाबसा सांगितला. तेवढ्यात फाटकातून चष्मिस आत आली. खांद्यावर एकच पिशवी. अंगानं वाळली होती. स्टँडच्या पायथ्याशी ती थांबली आणि तिनं वर पाहिलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. भोंग्याला वाटलं, धरणी दुभंगली तर बरं. ती हळूहळू पाचव्या पायरीपर्यंत चढून आली आणि त्याच्या शेजारी बसली.

''आज जरा...'' तो म्हणाला. ''ऊन आहे ना.''

''हो,'' ती म्हणाली. आभाळ भरून आलेलं होतं.

तिनं पिशवी पायाशी ठेवली. मग ती म्हणाली, ''तू फुगवून सांगतोस हे माहीत होतं रे मला. मी निम्मं धरायचे. पण निम्मं म्हटलं तरी अर्धा स्टँड होतो ना.''

''रागावलीस?''

''नाही. मला दुसरीकडे नोकरी मिळालीय. खूप लांब, समुद्रापलीकडे. गुरुवारी निघायचंय. तीन वर्षांचा करार आहे.'' तिनं चष्मा काढून ओढणीला पुसला. ''वॉर्डात पोरं रात्रभर रडतात, मग मी मनात हा स्टँड आणायचे. हेडबाई, सलूनवाला, सगळे. म्हटलं, जायच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून घेऊ.''

भोंग्याला खूप काही म्हणायचं होतं. नको जाऊस, हे तर होतंच. पण कुठल्या तोंडानं म्हणणार? थांब म्हणायला लागतं असं काही त्याच्याकडे नव्हतं. एक टेबल, एक इस्त्री आणि मोठा आवाज. त्याला तिची आठवण येत होती, ती शेजारी बसलेली असताना येत होती.

''आली का रे ती?'' फोनमधून जाड्या ओरडला. मागे भांड्यांचा आवाज येत होता. ''चष्मिस, गर्दी बघितलीस? किती आहे?''

फोन दोघांच्या मध्ये फळीवर होता. चष्मिसनं भोंग्याकडे पाहिलं. मग फोन उचलून त्याच्या हातात दिला आणि डोळे मिटून घेतले. ''तूच सांग,'' ती म्हणाली. ''तुझ्याकडूनच ऐकायची सवय झालीय.''

भोंग्यानं तोंड उघडलं. मुंगी शिरायला जागा नाही, हे जिभेवर आलं होतं. पाय आपटायला उचललेही होते. ते त्यानं परत खाली ठेवले.

''एकतीस,'' तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला, की वकीलसाहेबांनी वळून बघितलं. ''एकतीस माणसं आहेत. त्यातली चौदा मी पाया पडून आणलीत. एरवी सतरा असतात. हेडबाई कधीच आल्या नाहीत. सलूनवाल्याला फुटबॉल आवडत नाही. लांब्या, तू नाहीस. जाड्या, तू नाहीस. पाचव्या पायरीवर मी एकटाच बसतो.'' तो थांबला. ''आज चष्मिस आहे. आज फक्त. ती आली, आणि मला फार बरं वाटलं.''

चष्मिसनं डोळे उघडले नाहीत. तिचा हात मात्र त्याच्या बाहीवर आला आणि तिथेच राहिला.

फोनमधला भांड्यांचा आवाज थांबला होता. भोंग्याला वाटलं, ठेवले फोन. इतके महिने फसवलं, आता कशाला ऐकतील?

मग फार लांबून, वाऱ्यात, कुठल्यातरी उंच मजल्यावरून लांब्याचा आवाज आला. ''बरं,'' तो म्हणाला. ''बॉल कुणाकडे आहे?''

भोंग्यानं मैदानाकडे पाहिलं. डोळे इतके भरले होते, की त्याला जर्सींवरचे आकडे दिसेनात. ''थांब,'' तो म्हणाला, ''बघून सांगतो.''