बसलेला हरकारा

चौसाळ्याचे आडत व्यापारी आप्पाराव हौशी माणूस. वडिलांच्या नावानं वेशीबाहेर पाणपोई घातली, दोन रांजण मांडले आणि वाटसरूंना लांबून कळावं म्हणून बैलाची घुंगुरमाळ खांबाला टांगली. मग स्वतःच्या हातानं ती खळखळ वाजवून पाहिली. तेवढ्यानं घात झाला. आत पाणी भरणारा मुंजाजी ताडकन उठला, भरली घागर रांजणावर सोडली आणि धोतर खोचून बीडच्या वाटेनं सुसाट सुटला. एका रांजणाची खापरं झाली. मुंजाजी अर्ध्या कोसावर सापडला, हरवलेली थैली शोधत.

बारा वर्षं तो सरकारी टपालाचा हरकारा होता. खांद्यावर थैली, हातात घुंगरांची काठी, रोज चार कोस पळायचं. ती चाकरी सोडून दोन महिने झाले, पण घुंगरू वाजलं की पाय त्याला न विचारता निघत. एरवी बसला की बसलाच. रात्रभर झोपून सकाळी दमलेला उठे.

"बसून पाणी पाजायचं, त्यात दमतो कावून?" आप्पारावांनी त्याच्या बायकोला विचारलं.

चतुराबाई म्हणाली, "मालक, तवा चुलीवरनं उतरला म्हून लगेच हात लावता का?"

आठवड्यानं टपालाचा दरोगा घोड्यावरून आला. नवा हरकाराही पळाला होता, पण थैली टाकून. सरकारी घोडा दिसताच अख्खी वेस उभी राहिली. आप्पारावांचे हात आपोआप जोडले गेले. मुंजाजी तेवढा बसून.

"ऊठ बे! उद्यापासून थैली उचल."

"पाणी घ्या, सायेब."

दरोग्यानं घुंगरांची काठी पुढं करून जोरात हलवली. मुंजाजीची टाच उचलली. आप्पारावांना वाटलं, हा आता उठला तर गेलाच! मुंजाजीनं दोन्ही गुडघे गच्च दाबून धरले नि पायांनाच दम भरला, "गप ऱ्हावा रे. आपुन सोडलंय ते." पाय थडथडत राहिले. माणूस हलला नाही.

"आप्पाराव, हाकला याला!"

आप्पारावांनी खापरांकडं पाहिलं. त्यांच्या आयुष्यात सरकारला 'नाही' म्हणायचा प्रसंग आला नव्हता, त्यामुळे शब्द जरा वाकडेच बाहेर पडले. "सायेब, एक रांजण मी फोडला. उरलेला ह्योच सांभाळतो."

दरोगा लाल झाला. पण चैत्राचं ऊन त्याच्याहून लाल होतं. घोड्यावर पाणी पोचेना, बसलेला उठेना. शेवटी सरकार खाली उतरलं, वाकलं नि ओंजळीनं पाणी पिऊन, मिशा पुसत निघून गेलं.

आप्पारावांनी आता कुठं जोडलेले हात सोडले. "गेले सायेब. आता तरी ऊठ की, लेका!"

"बारा वरसं पळलो, मालक, बारा वरसं बसणार."