येळवशीचा रिटेक

श्रीमंतांच्या बिघडलेल्या पोरांना खेड्यात नेऊन सुधारण्याचा एक कार्यक्रम टीव्हीवर लागतो. सुधारत कुणीच नाही. पोरगं आधी आदळआपट करतं, शेवटच्या भागात रडतं, आणि बघणारे रिकामटेकडे डोळे पुसतात. या थोतांडासाठी आमच्या सरपंचांनी रेणापूरजवळचं आमचं शेत सुचवलं, तेही नेमकं येळवशीच्या दिवशी.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या; त्या दिवशी लातूरकडे कुणी घरात थांबत नाही. जो तो आपल्या शेतात जाऊन कडब्याच्या कोपीत पाच दगडांचे पांडव मांडतो, आंबील आणि शेंगा-भाज्यांची भज्जी खातो आणि वाटेवरच्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवतो. आदल्या वर्षी अण्णा, माझे वडील, गेले म्हणून आम्ही येळवस केली नव्हती. त्यांच्याशिवायची ही पहिलीच. उभ्या पिकात आंबील शिंपडत "ओलगे, ओलगे" असा पुकारा करायचा मान त्यांचा असे. या वर्षी तो आई करणार होती. आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ तिनं आधीच ताकात भिजवलं होतं आणि मी शिकवते त्या अहमदपूरच्या शाळेत मला फोन करून बजावलं होतं, "काई बी होऊ दे, तू ये."

टीव्हीवाल्यांना तिनं हो म्हटलं, कारण येळवशीला दारी आलेल्याला नाही म्हणायचं नसतं, एवढंच तिला ठाऊक.

पोरगं म्हणजे नांदेडच्या एका बिल्डरचा सतरा वर्षांचा लाडोबा. कॅमेरा सुरू झाला की ज्वारीकडं बोट दाखवून हिंदीत विचारायचा, "ये कौनसा जंगल है?" कॅमेरा बंद झाला की फोनवर बापाला अस्सल नांदेडी ऐकवायचा, "पप्पा, लई बोअर होऊन राहिलं. ह्यायला सांगा न गाडीतला एसी चालू ठेवायला." वडिलांच्या वयाचा ड्रायव्हर खाली बसून त्याच्या बुटाची माती पुसत होता आणि हे बेणं मोबाइल बघत दुसरा पाय पुढं करत होतं. माझा हात शिवशिवत होता, खोटं कशाला सांगू.

आईनं पूजा केली. आंबिलीचं मडकं पांडवांपुढं ठेवलं. दिग्दर्शकानं पोराच्या कानात काहीतरी सांगितलं. पोरगं उठलं, "मैं ये सब नहीं खाता" म्हणालं आणि त्यानं मडक्याला लाथ घातली.

खापऱ्या झाल्या. आंबील मातीनं पिऊन टाकली. पहिली बोलली ती आईच.

"पायाला लागलं का रे लेकरा?"

दिग्दर्शकाचं तोंड उतरलं. त्याला शिव्याशाप हवे होते, छाती बडवणं हवं होतं. आणि समोर ही बाई पोराचा अंगठा बघायला वाकलेली.

तोवर शेजारच्या शेतांतल्या बाया धावत आल्या. प्रत्येकीनं आपल्या मडक्यातली तांब्या-तांब्या आंबील आणून ओतली आणि आईचं दुसरं मडकं भरलं. ते बघून दिग्दर्शकाला हुरूप आला. म्हणाला, मघाशी अँगल चुकला होता, आता हे मडकं तिथंच ठेवा, तो परत लाथ मारेल. पोरगं कंटाळून म्हणालं, "आंटी, जल्दी रखो ना."

लाज नावाची वस्तू यांच्या घरी कधी आणलीच नसावी.

आईनं मडकं उचलून डोक्यावर घेतलं. "जेवायचं आसल तर समदे बसा," ती म्हणाली. "पर ह्याला हात लावू देणार न्हाई." आणि ती ज्वारीत शिरली.

आम्ही मागं गेलो नाही. कणसांवरून तेवढं मडकं सरकताना दिसत होतं. मग तिचा पुकारा ऐकू आला. आधी दबका, मग मोकळा, मग मध्येच तुटला. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा तिचं सगळं तोंड ओलं होतं. ते पुसायच्या आत कॅमेरा तिच्यासमोर होता.

टीव्हीवाले भज्जी मागून-मागून जेवले. पोरगं गाडीत बसून चिप्स खात राहिलं.

कार्यक्रम लागला त्या दिवशी शेजारणींनी आमचं घर भरलं होतं. आई नवी साडी नेसून बसली होती. बायांनी आणलेली आंबील दाखवली नाही, दुसऱ्या लाथेचा हट्ट दाखवला नाही, आईचं ज्वारीत जाणंही नाही. फुटकं मडकं दाखवलं. मग पोरगं कुठल्यातरी चकचकीत स्टुडिओत गुडघे टेकून हात जोडत होतं आणि त्याला लागूनच आईचा रडका चेहरा. खाली मोठी अक्षरं आली, आईनं माफ केलं म्हणून.

"किती मोठं मन हाय बाई तुझं," शेजारीण डोळे पुसत म्हणाली.

आईनं पडद्यावरच्या आपल्या ओल्या चेहऱ्याकडं बोट केलं. मग माझ्याकडं वळली.

"मी तर तुझ्या अण्णासाठी रडले व्हते गं. ते ह्या पोराच्या नावावर कसं काय लावलं?"