गुंडीला भोकं कुठं?

मुलगी साडेतीन वर्षांची झाली तेव्हा आम्ही तिला जे. पी. नगरातल्या एका इंग्रजी शाळेत प्रवेशासाठी नेलं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मुलाखत म्हणायला मुलांची असे, घाम आईबापांना फुटे.

मुख्याध्यापिकाबाईंनी पुठ्ठ्याची लाल चकती पुढे धरून इंग्रजीत विचारलं, हे काय? मुलीने ती उलटसुलट करून पाहिली आणि मला म्हणाली, "आई, ह्या गुंडीला भोकं कुठं हैत?"

आमचं घर कानडी मुलखात राहणाऱ्या मराठी शिंप्यांचं. सासरे, म्हणजे अण्णा, पुढच्या खोलीत मशीन चालवत, मी काजं करी, आणि ही जमिनीवर गुंड्या निवडत बसे. दोन भोकांच्या इकडे, चार भोकांच्या तिकडे. असं का, तसं का, दिवसभर तोंडाला खळ नसे.

बाईंना मराठी येत नव्हतं. मला येत होतं. पोरीने बरोबर विचारलंय, हे मी सांगायला हवं होतं. पण माझं शिक्षण कन्नड सातवी. त्या गुळगुळीत टेबलापुढे माझीच बोबडी वळली. बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि कन्नडमध्ये म्हणाल्या, "मुलगी मागे आहे. घरात शिकलेलं कुणी नाही, तर डोकं वाढणार कसं? आजपासून घरात फक्त इंग्रजी बोला. सहा महिन्यांनी परत आणा."

आम्ही ते देववाणीसारखं पाळलं. माझं इंग्रजी केवढं? कम, ईट, स्लीप, डोन्ट. अण्णांना तेवढंही येत नव्हतं. नातीशी बोलू नका म्हणून मी त्यांना बजावलं तेव्हा "सरी, अम्मा," बरं बाई, असं कन्नडमध्येच म्हणून त्यांनी मान खाली घातली. घरात नुसती मशीन वाजू लागली. मुलगी विचारी, "दोरा का तुटतो?" मी तोंडावर बोट ठेवी. उत्तर मला येत होतं, पण मराठीत. राग माझा मलाच यायचा आणि निघायचा तिच्यावर. पुढे पुढे ती विचारीनाशी झाली. मला वाटलं, वळण लागलं.

सहा महिन्यांनी त्याच बाईंनी तीच चकती दाखवली. "रेड सर्कल," ती म्हणाली आणि प्रवेश मिळाला. नवऱ्याने येताना मैसूरपाक आणला.

घरी अण्णांनी कितीतरी दिवसांनी गुंड्यांचा डबा तिच्यापुढे ठेवला. "झालं ना आता? विचार गं, काय विचारायचं ते."

"बोल, मराठीत बोल," मीही म्हटलं.

तिने डबा उघडला. कुठल्याशा जुन्या कोटाची एक काळी गुंडी वरच होती. तिला तीन भोकं होती. तशी गुंडी तिने कधी पाहिली नव्हती. पूर्वी असती तर दिवसभर आमचं डोकं खाल्लं असतं. मी वाटच पाहत होते.

तिने गुंडी उचलली. अण्णांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्या.

"ब्लॅक सर्कल," ती म्हणाली आणि गुंडी डब्यात टाकून दिली.