लातूरच्या दालमिलमध्ये फाटका आवाज

समीनाचा फोन आला तेव्हा मी दोडके सोलत होते. "बाई, शनिवारी लातूरला आमचा शो आहे. अब्बा साऊंड घेऊन येणारेत. तुम्ही त्यांच्यासोबत याल का?"

समीना माझी जुनी विद्यार्थिनी, नांदेडला आमच्याच गल्लीतली. तिचे अब्बा रशीदभाई यांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान आमच्या दारासमोर आहे. लातूरच्या ठरलेल्या साऊंडवाल्यानं ऐन वेळी हात वर केले, म्हणून तिनं अब्बांना गळ घातली होती. पण शिकायला पुण्याला गेल्यापासून पोरगी 'कीबोर्ड वाजवते' यापलीकडे त्यांना काही माहीत नव्हतं. "त्यांनी माझं कधी ऐकलेलंच नाही, बाई. मध्येच उठून गेले ना, तर मी पुन्हा त्यांच्यापुढं वाजवायची नाही." तिचा आवाज हे सांगताना इतका लहान झाला की मी होच म्हणाले.

ती वाजवते त्या संगीताला सिंथ-पंक किंवा इंडस्ट्रियल म्हणतात. सिंथेसायझरचा आवाज मुद्दाम फाडायचा, त्याला यंत्रांचा खडखडाट जोडायचा आणि श्रोत्यांच्या तोंडासमोर जाऊन ओरडायचं. घरी हे समजावून सांगितलं तर आमचे हे म्हणाले, "तीस वर्षं गणिताच्या तासाला तू हेच करत होतीस. तेव्हा तिकीट लावायला पाहिजे होतं."

सकाळी आठला टेम्पो निघाला. मागे स्पीकरचे बॉक्स, पुढे रशीदभाई आणि मी. तुम्ही जाणार असाल तर एसटीनं तीन-साडेतीन तास धरा; आम्हाला सामानामुळे साडेचार लागले. लोहा मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना सोयाबीन निघालेली मोकळी रानं आणि मध्येमध्ये डोक्याइतक्या उंच, पिवळ्या फुलांच्या तुरी. अहमदपूरला गरम भजी आणि चहा घेतला, दोघांचे मिळून साठ रुपये. उन्हाची टोपी मात्र नोव्हेंबरातही विसरू नका.

रशीदभाई गाडी हळू चालवतात आणि बोलतात भरपूर. "चाळीस साल झाले, बाई. लग्न असू द्या, कीर्तन असू द्या, कव्वाली असू द्या. आपल्या बॉक्समधून फाटका आवाज कधी गेला न्हाई. लोक पैसे मागाहून देतेत, पण नाव पहिले घेतेत." चाकूर येईपर्यंत मी तीनदा सांगायचा प्रयत्न केला की आज फाटकाच आवाज हवाय. तिन्ही वेळा ते दुसऱ्या कुठल्या तरी लग्नात शिरले, आणि मीही कच खाल्ली.

कार्यक्रमाची जागा म्हणजे समीनाच्या बँडमधल्या जोडीदाराची, ओंकारची, घरची दालमिल. नवी तूर यायला अवकाश, म्हणून मिल बंद. आत भुशाचा गोडसर वास आणि उंच पत्रे. ओंकारनं डाळ चाळायच्या यंत्राच्या मोठ्या चाळणीला बारीक माईक चिकटवले होते. चाळणी रिकामी चालवली की तिचा ठोका हाच त्यांचा ढोल. मला तर ती कल्पना फारच आवडली.

चार वाजता आवाजाची तपासणी झाली. समीनानं एक पट्टी दाबली आणि पत्र्यावर करवत चालवावी तसा आवाज आला. रशीदभाई तडक उठले.

"वायर गेली का काय? आवाज फाटून राहिला."

"नाही अब्बा, बरोबर आहे," ती म्हणाली आणि घाईनं ओंकारला चाळणीपाशी मदत करायला गेली. तिनंही कच खाल्ली, हे मला दिसलं. मग आम्ही सगळे कोपऱ्यावरच्या गाड्यावर निलंगा राईस खायला गेलो. लातूरला जाऊन हा तिखट भात खाल्ला नाहीत तर जाणं फुकट. रशीदभाई तेवढे मागे थांबले. म्हणाले, सामान सोडून जेवायची आपल्याला सवय न्हाई.

साडेसातला सुरुवात. तिकीट दोनशे, दीडशेक पोरं-पोरी, बहुतेक क्लासेससाठी लातूरला राहणारी. चाळणी सुरू झाली, धडधड छातीत शिरली, सगळे पुढं सरकले. समीनानं पट्टी दाबली आणि बॉक्समधून निघाला लग्नाच्या रिसेप्शनला वाजावा तसा गोड, स्वच्छ, मधाळ सूर.

तिनं पुन्हा दाबली. पुन्हा मध. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. समीना खाली वाकली, वायर चाचपली आणि तिचा चेहरा उतरला. आवाज फाडायची तिची छोटी डबी जागेवर नव्हतीच.

ती माईक हातात घेऊनच स्टेजवरून उतरली आणि गर्दीतून थेट अब्बांपुढं जाऊन उभी राहिली.

"अब्बा, माझी डबी कुठंय?"

"खराब होती. काढून ठेवली," रशीदभाई शांतपणे म्हणाले. "वायर बी नवी जोडून दिली."

"ती खराब नव्हती!"

"मला शिकवून राहिली का? चाळीस साल हेच केलं मी!"

हे सगळं माईकवरून मिलभर ऐकू जात होतं. लोकांना वाटलं हाच कार्यक्रम. असल्या संगीतात गायक अंगावर येतो हे त्यांनी ऐकलेलं. इथं श्रोताही गायकाच्या अंगावर येत होता. शिट्ट्या पडल्या. मला मात्र घाम फुटला, कारण रशीदभाईंनी खांद्यावरचा रुमाल झटकला होता आणि त्यांची नजर दाराकडं गेली होती.

समीनाचा आवाज खाली आला. "अब्बा, तो फाटका आवाज माझाच आहे. मी तोच ऐकवायला तुम्हाला बोलावलंय."

रशीदभाईंनी रुमाल परत खांद्यावर टाकला. मग हत्यारांच्या पिशवीतून फडक्यात गुंडाळलेली डबी काढली, स्वतः स्टेजवर चढले, गुडघे टेकून ती जोडली आणि म्हणाले, "आता वाजव."

तिनं पट्टी दाबली. मिलचे पत्रे थरथरले आणि पोरं अक्षरशः उसळली. गाण्यात शब्द दोनच होते: "किती पडले?" प्रत्येकाच्या तोंडासमोर माईक धरून ती ओरडत होती, "किती पडले?" आणि ज्यांना घरून दर रविवारी फोनवर हेच, चाचणीत किती मार्क पडले हे, विचारतात ती पोरं जिवाच्या आकांतानं उलट ओरडत होती. ती माझ्यापाशी आली. हा प्रश्न मी तिलाच किती वर्षं विचारला होता. मी चष्मा काढून अशी ओरडले की बाजूच्या मुलीनं मला पाणी दिलं. इतका आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता.

रशीदभाई शेवटपर्यंत आपल्या साऊंडच्या मशीनजवळ उभे होते. तिसऱ्या गाण्याला त्यांनी स्वतःच्या हातानं आवाज आणखी चढवला. पावणेदहाला सगळं बंद, कारण दहानंतर परवानगी नसते.

बसस्टँडजवळ सातशे रुपयांत खोल्या चांगल्या मिळतात. समीना ओंकारच्या घरी राहिली. सकाळी परतताना रशीदभाई चाकूरपर्यंत एकाही लग्नात शिरले नाहीत. मग म्हणाले, "एवढं ओरडणं तिच्यात होतं, बाई. घरात कधी ऐकलं न्हाई. आपण ऐकलं नसंल, दुसरं काय." त्यांचे डोळे भरले होते. मी खिडकीतून तुरी बघत बसले.

या प्रवासातून काय राहिलं म्हणाल, तर कानातली शिट्टी दोन दिवसांत गेली आणि घसा चार दिवसांत सुटला. समीना आता नांदेडला आली की दुपारी दुकानातच सराव करते. अब्बांनीच बोलावलं. परवा भर उन्हात तो करवतीचा आवाज सुरू झाला, तसे गल्लीतले एक गृहस्थ काळजीनं दुकानापाशी आले. "रशीदभाई, बॉक्स फाटला का हो?"

रशीदभाईंनी हातातलं काम खाली ठेवलं नाही. "न्हाई," ते म्हणाले. "पोरगी गाऊन राहिली."