मासेमावशीचे पाय

मत्स्यालयात येणारी शाळेची मुलं तिला मासेमावशी म्हणत. बावीस वर्षांत ते नाव इतकं अंगवळणी पडलं होतं, की पगाराच्या कागदावरचं खरं नाव वाचताना आपण कुणा परक्या बाईचं पत्र उघडलंय असं तिला वाटे. टाक्यांच्या काचा पुसायच्या, पाणी किती गरम-गार आहे ते लिहून ठेवायचं, कोण जेवलं नाही यावर लक्ष ठेवायचं. दिवसभर त्या निळसर उजेडात उभं राहून तिची चाल संथ झाली होती, बोलणंही. घरी थोरली जाऊ म्हणे, "हिला हाक मारली की उत्तर तळातून वर यायला वेळ लागतो."

कामावरच्या तपासणीत बीपी वाढलेलं निघालं आणि रोजची एक गोळी सुरू झाली. तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी ती गमबूट काढायला बसली तर बूट निघेना. ओढून काढला, तर पिंढरीवर मोज्याची खोल चरी उमटलेली आणि घोट्याचा पत्ताच नाही. दुसऱ्या पायाची तीच गत. सकाळी सूज ओसरे, दुपारपर्यंत पुन्हा चढे.

सासूबाई जाण्याआधी त्यांचे पाय असेच सुजले होते. पण जावेला सांगावं, तर ती घर डोक्यावर घेणार. हे सगळं गोळीनंतरच सुरू झालंय, असं मनाशी ठरवून तिने गोळी गुपचूप बंद केली.

आठवड्याभरात घोटे परत आले. ती जमिनीला पाय न लागल्यासारखी टाक्यांमधून फिरू लागली. आणि मग एका सकाळी, मोठ्या टाकीपुढे काच पुसत असताना, कानांत समुद्र घुमू लागला. डोकं ठणकत होतं. मासे हलताहेत की भिंत, तेच कळेना. तिने फडकं खाली ठेवलं आणि तिथेच फरशीवर बसली. तिकीटखिडकीवरच्या बाईंनी जावेला फोन केला, आणि जाऊ तिला दवाखान्यात घेऊन गेली.

"वरचं एकशे चौऱ्याऐंशी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गोळी घेताय ना?"

मासेमावशीने मान आडवी हलवली. जावेने तिच्याकडे नुसतं पाहिलं.

"पाय सुजत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, सासूबाईंसारखं माझंही..."

"अगं, मग मला सांगायचंस," जाऊ म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली उतरला.

डॉक्टरीणबाईंनी नडगीवर अंगठा दाबून पाहिला. दम लागतो का, झोपताना जास्त उशा लागतात का, एकच पाय सुजायचा की दोन्ही, असं सगळं विचारलं. रक्त, लघवी, हृदय, सगळं तपासलं. दोन दिवसांनी अहवाल आले, ते चांगले होते.

"गोळीचाच प्रताप आहे," त्या म्हणाल्या. "तिने बारीक रक्तवाहिन्या सैल होतात, थोडं पाणी बाहेर झिरपतं आणि उभ्या माणसाच्या पायांत उतरतं."

"मग लघवीवाटे पाणी काढायची गोळी द्या की," जाऊ म्हणाली.

"तिचा इथे फारसा उपयोग नाही. पाणी जास्त झालेलं नाही, त्याने जागा बदललीय. हीच गोळी अर्धी करू, जोडीला दुसरी देते. मीठ जपून, आणि मधूनमधून पाय वर घेऊन बसायचं. पुन्हा काही वाटलं तर आधी मला विचारायचं. आपल्या मनाने बंद करायचं नाही."

मासेमावशी इतकी वर्षं कामावर बसलीच नव्हती. आता दुपारी ती पाकट माशांच्या टाकीसमोरच्या बाकावर पाठ टेकून, पाय बाकावर लांब करून बसू लागली. पंख्यासारखे पसरट मासे काचेपाशी येत आणि पांढरं पोट दाखवून हळूच वळत. उभ्याने पुसताना हे तिच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. तीन आठवड्यांत बूट सहज चढू-उतरू लागले, बीपीही ताळ्यावर आलं.

एके दिवशी जाऊ डबा घेऊन मत्स्यालयात आली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

"गोळी घेतलीस?"

"घेतली, ताई. बसा ना."

जाऊ बसली, मग जरा संकोचून तिनेही चपला काढून पाय वर घेतले. दोघी टाकीतले मासे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने मासेमावशीने शेजारी पाहिलं, तर निळ्या उजेडात जावेचा डोळा लागला होता, आणि डबा तिच्या मांडीवर तसाच होता.